इन्सुलिनच्या थंड पिशव्या: कोकणातून विमानाने निघणाऱ्यांसाठी परीक्षण

नागपूरचा कूलर रत्नागिरीत चालत नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. हवा आधीच ओली, मग पाणी उडणार कुठे आणि गारवा येणार कुठून? तरी इन्सुलिन विमानातून न्यायचं म्हटलं की ऑनलाइन सगळ्यात आधी समोर येते ती पाण्यात भिजवायची पिशवी, आणि ती चालते नेमकी कूलरच्याच तत्त्वावर. पुण्यातल्या भाच्याने ती वापरून पाच तारे दिलेले असतात. त्याचं खोटं नसतं. फक्त त्याची हवा वेगळी असते.

२०२१ मध्ये चिपीचं आणि २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाचं विमानतळ सुरू झालं, तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या माणसाला विमान जवळ आलं. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीकडच्यांना मात्र आखातात जायचं तर अजून आधी मुंबई गाठावी लागते. म्हणून इथे तीन प्रकार तपासले आहेत ते दोन कसोट्यांवर: कोकणच्या दमट हवेत गारवा किती धरतात, आणि तपासणीच्या पट्ट्यावर किती त्रास देतात. प्रकार असे: भिजवायची पिशवी, जेल पॅकची झिपवाली बॅग, आणि घरात असतोच तो रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास.

आधी पिशवी लागते का ते बघा

सध्या वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही. बहुतेक इन्सुलिनं उघडल्यावर ३० अंशांखाली साधारण २८ दिवस टिकतात. काहींचा आकडा वेगळा असतो, तो खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेला असतो. कुडाळहून चिपी आणि तिथून तासाभराचं उड्डाण, एवढाच प्रवास असेल तर चालू पेन पर्समध्ये टाका आणि निघा. पिशवीचे पैसे वाचवा.

पिशवीची गरज दोन वेळा पडते. एक, महिना-दोन महिन्यांचा न उघडलेला साठा बरोबर असेल तेव्हा, कारण त्याची जागा २ ते ८ अंशांत. दोन, एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाहेरच ३३-३४ अंश असतात आणि उन्हात उभ्या बंद गाडीत पन्नाशी सहज पार होते. काचबिंदूच्या काही थेंबांनाही, उदाहरणार्थ लॅटानोप्रोस्टला, बाटली फोडेपर्यंत फ्रिज लागतो. बाटली जेमतेम २.५ मिलीची असते आणि घाईत तीच हटकून सामानाच्या बॅगेत जाते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उष्णतेने इन्सुलिनचा जोर हळूहळू कमी होतो, पण एकदा गोठलं की ते गेलंच. वितळल्यावर वरकरणी नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. दुधाळ इन्सुलिनमध्ये, म्हणजे मिक्समध्ये, पेन हातात घोळवल्यावरही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेला पांढरा थर राहिला तर ते फेका. पारदर्शक इन्सुलिनमध्ये असं काही दिसेलच असं नाही, म्हणून तिथे सावधगिरी जास्त. सामानाच्या बॅगेत इन्सुलिन ठेवू नका असं सांगतात त्याचं एक कारण हेच, की विमानाच्या पोटातल्या तापमानाची हमी नसते. दुसरं कारण साधं आहे: बॅग चुकते.

भिजवायची पिशवी

आतल्या कप्प्यांत पाणी शोषणारे दाणे असतात. पिशवी पाच ते दहा मिनिटं साध्या पाण्यात बुडवायची, दाणे फुगून जेल होतं, बाहेरून पुसून पेन आत सरकवायचं. फ्रीजर नको, बर्फ नको, वीज नको. या जातीतलं प्रसिद्ध नाव फ्रिओ. कंपनीचा दावा ३७.८ अंशांच्या उष्णतेतही ४५ तास इन्सुलिन सुरक्षित राहतं असा आहे. कोरड्या हवेत तो पटण्यासारखा आहे.

आता आपला हिशेब. पाणी उडून मिळणाऱ्या गारव्याला एक तळ असतो, त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा तळ सुमारे २१ अंश. मालवणात त्याच वेळी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तळ सुमारे २८. म्हणजे पुण्याच्या पिशवीला सतरा अंशांचा उतार मिळतो, आपल्याला पाचाचा, तोही पिशवी उघड्या वाऱ्यात टांगली तर. बंद हँडबॅगेत कोंबली की आतली हवा थोड्या वेळात ओली होते आणि हा पाचाचा उतारही राहत नाही. गंमत म्हणजे विकणारे चित्रात ती नेहमी बॅगेच्या आतच दाखवतात.

२८ हे ३० च्या खाली आहे, म्हणून चालू पेनासाठी ही पिशवी कोकणातही अगदीच वाया जात नाही. पण न उघडलेल्या साठ्याला २ ते ८ पाहिजे, आणि ते हिला जगात कुठेच जमत नाही. पावसाळ्यात तर तिचं कामच नाही: हवा मुळात २७-२८ अंश, आणि पाणी उडायला जागा नाही.

ती वाळणं हा वेगळाच ताप. कोरड्या गावात तीन-चार दिवसांत दाणे परत सुकतात. आपल्याकडे जुलैमध्ये ओली पिशवी कपाटात गेली की बुरशीचा वास धरतेच. पंख्याखाली सपाट ठेवून, रोज उलटून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवायची. जास्त वेळ भिजवू नका. कप्पे टम्म फुगले की पेन आत जात नाही, आणि जोर करून घातलं तर टोपण आतच निघतं.

तपासणीत ही पिशवी थोडी संशयास्पद दिसते. क्ष-किरणांच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. ओलं जेल म्हणजे नारिंगी गोळा, त्यात पेनाच्या बारीक निळ्या रेषा. तपासणाऱ्याने ती बॅग बाजूला काढली तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. म्हणून ती आधीच ट्रेमध्ये सुटी ठेवा.

जेल पॅकची बॅग

साठ्यासाठी हीच योग्य, पण चुका करायला सगळ्यात जास्त वावही हिच्यातच. चष्म्याच्या घरासारखी किंवा छोट्या डब्यासारखी बॅग, आत फोमचं अस्तर, शंभर ते दोनशे ग्रॅमचे एक-दोन जेल पॅक. घेताना तीन गोष्टी बघा. पॅक आणि पेन यांच्यामध्ये वेगळा पडदा किंवा जाळीचा कप्पा हवा. झिप पूर्ण गोल बंद होणारी हवी, कोपऱ्यात फट नको. पॅक सुटे निघणारे हवेत, शिवून टाकलेले नकोत, कारण विमानतळावर ते बाहेर काढून दाखवावे लागू शकतात. रंगीत कापड आणि बाहेरचे सात खिसे यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा पॅक थेट पेनाला लावणं. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं. पॅक तसाच आत गेला की त्याला टेकलेल्या पेनांतली इन्सुलिनची काडतुसं गोठतात. आरोग्य केंद्रातल्या ताईंना लसींच्या डब्याचा नियम पाठ असतो: बर्फाचा पॅक बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच डब्यात भरायचा. तोच नियम इथे लावा. जेलमध्ये आवाज येत नाही, म्हणून अंगठ्याने दाबून बघा. कडा मऊ झाल्या पाहिजेत. मग पॅक पातळ सुती फडक्यात, पेन झिपच्या पारदर्शक पिशवीत, आणि दोघांच्यामध्ये पडदा. मेडिकलमधून इन्सुलिन आणताना थर्माकोलच्या डब्यात नुसता बर्फ मिळाला तरी हेच करा. मासळीला चालतं ते पेनाला चालत नाही.

आता दमटपणाचा दुसरा घाव. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता पितो. पण हवेतली एक ग्रॅम वाफ थंड पॅकवर पाणी होऊन बसते, तेव्हा सुमारे २,४५० जूल सोडते, म्हणजे सात ग्रॅम बर्फाची कमाई एका ग्रॅम वाफेने खाल्ली. कोकणात बॅग दर तासाला उघडून 'अजून गार आहे ना' बघणाऱ्याचा पॅक म्हणून लवकर संपतो. त्यापेक्षा तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या, तारेचं टोक आत आणि आकडे दाखवणारा भाग बाहेर. झिप उघडायला नको.

दोनशे ग्रॅमचा पॅक आणि बरं अस्तर असेल तर सहा ते आठ तास धरा. दापोलीहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, तीन तास आधी विमानतळ, तीन-साडेतीन तासांचं उड्डाण, उतरल्यावर रांगा: हे पंधरा तासांच्या पुढे जातं. एक पॅक पुरणार नाही. पहिला पॅक घर ते विमानतळ वापरा आणि दुसरा मुंबईतल्या नातेवाइकांच्या फ्रीजरमधून उचला. सगळ्यांचं कोणीतरी लालबागला किंवा डोंबिवलीला असतंच. दोन्ही पॅक घरूनच न्यायचे तर दुसरा वेगळ्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. विमानात हवाई सुंदरीकडे औषध फ्रिजमध्ये ठेवायला मागण्यावर अवलंबून राहू नका. बहुतेक विमान कंपन्या ती जबाबदारी घेत नाहीत, आणि घेतली तरी औषध बर्फाच्या खणात जाण्याचा किंवा उतरताना तिथेच विसरण्याचा धोका राहतो.

पॅक आदल्या दिवशी सकाळीच फ्रीजरमध्ये टाका. पावसाळ्यात रात्री लाईट गेली की पहाटे हातात मऊ पॅक येतो. एकदारी फ्रिज असेल तर इन्सुलिन बर्फाच्या खणाच्या अगदी खाली ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा.

बॅटरीवर चालणारा छोटा कूलरही याच कुळातला. बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत हवी आणि ती केबिनमध्येच. पॉवर बँकही तशीच. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे मर्यादेत. बाजारातले काही कूलर बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातात, तेव्हा घेण्याआधी '२ ते ८' हा आकडा किती उष्णतेत मिळतो ते वाचा.

थर्मास

गरिबाचा म्हणून हिणवू नका. चालू पेन आणि एखादं जादा पेन यांच्यासाठी माझी पहिली पसंती यालाच. अर्ध्या लिटरचा, रुंद तोंडाचा, पेन उभं मावेल एवढा खोल. फ्रिजमधलं थंड पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं, आतून कोरडा पुसायचा. रिकाम्या थर्मासात मात्र गारवा साठवायला काही नसतं, नुसती हवा असते. म्हणून ८० मिलीची घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून रात्रभर फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) ठेवायची आणि पेनाशेजारी घालायची. पाणी ५ वरून २५ अंशांपर्यंत जाताना ग्रॅममागे ८४ जूलच घेतं, बर्फाच्या पावपट, पण गोठण्याची भीती शून्य. चार-सहा तासांचं काम होतं. शिवाय बाटली १०० मिलीच्या आत असल्याने आंतरराष्ट्रीय तपासणीतही अडचण नाही. स्टीलमुळे क्ष-किरणांच्या पडद्यावर आतलं नीट दिसत नाही, तेव्हा झाकण उघडायला सांगतील. आधीच सैल करून ठेवा.

तपासणीचा पट्टा

इन्सुलिन क्ष-किरणांतून गेल्याने बिघडत नाही. पंप आणि ग्लुकोजचे सेन्सर ही वेगळी गोष्ट. काही कंपन्या पंप क्ष-किरणांतून किंवा पूर्ण शरीराच्या स्कॅनरमधून नेऊ नका म्हणतात. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतलं ते पान मोबाइलमध्ये ठेवा आणि हाताने तपासायला सांगा. पेसमेकरवाल्यांनी धातू शोधणाऱ्या दारातून जाण्याआधीच कार्ड दाखवायचं.

बाकीच्यांसाठी क्रम असा. बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधी सीआयएसएफच्या जवानाला सांगायचं की आत इन्सुलिन आणि सुया आहेत. बहुतेक जवान हिंदी बोलतात, तेव्हा 'डॉक्टर का पर्चा है' एवढं पुरतं. औषधाची बॅग, पॅक, थर्मास वेगळ्या ट्रेमध्ये. चिठ्ठी हातात, बॅगेच्या तळाशी नव्हे. १०० मिलीची अट आंतरराष्ट्रीय उड्डाणांना काटेकोर लागते. प्रवासात लागणाऱ्या औषधाला त्यातून सूट आहे, पण ते चिठ्ठीसह दाखवावं लागतं. जेल पॅक औषधाबरोबर असेल तर सहसा सोडतात, नुसता पॅक सापडला तर प्रश्न येणारच. म्हणून दोन्ही एकाच ट्रेमध्ये. शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा, तेव्हा वाद घालण्यात वेळ दवडू नका, वरिष्ठांना बोलवा असं शांतपणे म्हणा.

गावाकडच्या चिठ्ठीचा घोळ ठरलेला. दवाखान्यात नाव लिहितात 'सौ. सावंत', तिकिटावर असतं पूर्ण नाव. डॉक्टरांकडून छापील पत्र घ्या: पासपोर्टवरचं नाव, औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाव शेजारी), डोस, किती दिवसांचा साठा, सुया लागतात हे वाक्य, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आखातासाठी इंग्रजीत. मेडिकलचं बिल सोबत ठेवा.

गोळ्यांच्या बाबतीत मेडिकलमध्ये सुट्या पाच गोळ्या कापून देतात, तेव्हा नाव आणि मुदत असलेलं टोक दुकानातच राहतं. प्रवासासाठी पूर्ण पट्टी मागा. सोम-मंगळच्या खणांच्या प्लास्टिक डब्या घरी ठीक, विमानात नको, आणि कोकणात पावसाळ्यात तर मुळीच नको. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट पाणी ओढून चिकट होतं, अॅस्पिरिनला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. पट्टीतून गोळी खायच्या वेळीच काढायची.

आखातात जाणाऱ्यांनी एवढं नक्की तपासावं: ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, प्रेगाबालिन, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या. संयुक्त अरब अमिरातीत यातल्या बऱ्याच नियंत्रित आहेत आणि आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी एकटी पुरत नाही. गुडघ्याच्या दुखण्यावरच्या गोळीतही ट्रॅमाडॉल मिसळलेलं असतं, पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. औषध नसलेली एक वस्तू इथेच सांगून टाकतो: खसखस. अमिरातीत आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे, आणि आपल्याकडे आई करंज्या-अनारशांत ती प्रेमाने घालून डबा भरते. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी डबा विचारून घ्यावा. अरिष्ट-आसवांच्या मोठ्या बाटल्या आणि नाव नसलेल्या पुड्या सरळ घरी ठेवा.

चिपीहून जाणाऱ्यांसाठी आणखी एक. एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग कधी कधी दारातच घेऊन खाली टाकतात. औषधाची पिशवी तिच्या आत पुरलेली असेल तर त्या गर्दीत बाहेर काढता काढता घामाघूम व्हाल. वेगळी, खांद्याला लटकणारी असू द्या. तीत चालू पेन, सुया, ग्लुकोमीटर, आणि साखर खाली गेली तर खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी. पावसाळ्यात ढग उतरले की विमान रद्द होतं किंवा दुसरीकडे उतरतं, म्हणून तीन दिवसांचा साठा जास्तीचा. पेनाला सुई लावून ठेवू नका. हवेचा दाब बदलला की सुईतून इन्सुलिन गळतं किंवा बुडबुडे शिरतात, आणि पुढचा डोस कमी पडतो. उतरल्यावर नवी सुई, दोन युनिट हवेत सोडून बघायचे, मग डोस.

कोणाला काय घ्यावं

देशातल्या देशात, चालू पेन, थंडीत किंवा पावसाळ्यात: काही नको. तोच प्रवास मेमध्ये: थर्मास आणि गार पाण्याची बाटली. एक-दोन महिन्यांचा साठा घेऊन मस्कत, दुबई, कुवेत: जेल पॅकची बॅग, पडदा असलेली, दोन पॅकसह. भिजवायची पिशवी मी कोकणातून निघणाऱ्याला सुचवणार नाही. मात्र जाणार असाल राजस्थानला किंवा रियाधला, तर कोरडी घडी करून बॅगेत टाका आणि तिथे पोचल्यावर भिजवा. त्या हवेत ती खरंच चालते.

परतीला वितळलेला पॅक हॉटेलच्या फ्रिजमध्ये टाकताना त्या खोलीतल्या छोट्या फ्रिजला फ्रीजर असतो का ते आधी बघा. बऱ्याचदा नसतो, आणि स्वागतकक्षात विचारलं तर स्वयंपाकघरात ठेवून देतात. पॅकवर नाव आणि खोली क्रमांक लिहा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून.